बाटलीतला पाऊस, चौपाटीवरची भरती

प्रश्न: बाई, मी यंदा जूनपासून भांडुपच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. पट 47, खोली एवढीशी. बाकांमधून जायचं तर मला आडवं व्हावं लागतं. कृतीतून शिकवा, असं प्रशिक्षणात सांगतात. पण उपक्रम घेतला की नुसता गोंधळ होतो आणि शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहतात. साहित्याला पैसे नाहीत. काय करू?

उत्तर: 47! शिक्षण हक्क कायदा 2009चा, त्यात प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक असं म्हटलंय. पण कायदा वाचून दाखवला म्हणून बाकं सरकत नाहीत, तेव्हा आहे त्या खोलीचं बोलू.

सगळ्यांचे हात एकदम चालवायला गेलात की गोंधळ होणारच. हात दोघांचे, डोकी सगळ्यांची, असं काम शोधा. पावसाळा आहे, पर्जन्यमापक करा. थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्या, अंगाने सरळ असलेली. मधे कंबर असलेली नको. जिथून निमुळती होते तिथून तुम्हीच कापा, मुलांच्या हातात कटर देऊ नका. कापलेला तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. बाटलीच्या तळाला खळगे असतात, तिथलं मोजमाप खोटं येतं. म्हणून तळात खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी ओता आणि त्या पातळीला पट्टीचा शून्य धरा. पट्टी प्लास्टिकची हवी, कागदाचा एका सरीत लगदा होतो. बाटली गच्चीवर, कठड्यापासून आणि टाकीपासून लांब, चार विटांच्या मधे उभी करा.

रोज दोघांनी शाळेच्या शिपाईमामांबरोबर वर जायचं. बाकीच्यांनी तोवर वहीत अंदाज लिहायचा: काल किती मिलिमीटर पडला असेल? दोघं खाली आले की आकडा फळ्यावर लिहायचा आणि प्रत्येकाने आपला अंदाज किती चुकला ते काढायचं. जवळपास प्रत्येकाची वजाबाकी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याच्या वहीत डोकावून भागत नाही. आणि गणितं तुम्हाला फळ्यावर लिहून द्यावी लागत नाहीत.

मग वर्तमानपत्र आणा. वेधशाळा सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते, कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे छापून येतात. मी परळला शिकवायचे तेव्हा आमचा आकडा दोन्हींशी जुळायचा नाही. पोरं म्हणायची, "बाई, आपली बाटली खोटारडी आहे." अशा वेळी लगेच उत्तर देऊ नका. 26 जुलै 2005चे आकडे फळ्यावर लिहा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. एकच मुंबई! मग भिंतीवर जमिनीपासून 94 सेंटिमीटरवर खडूने रेघ ओढा आणि एकेकाला तिच्याशी उभं करा. तिसरीतल्या मुलाच्या छातीशी येते. कुणीतरी विचारतंच, "मग सगळीकडे एवढंच पाणी साचलं होतं का?" नाही. पाणी उतारावरून सखलात गेलं, काही ठिकाणी डोक्यावर, चढावर काहीच नाही. आपल्या शाळेभोवती सखल काय आणि चढ कुठला, हे मुलांकडून वदवून घ्या. ते पाठ्यपुस्तकात कितव्या पानावर आहे, हे शोधत बसू नका.

ओरडा तर होणारच. अंदाज बरोबर आला की गप्प कोण बसेल? शेजारच्या बाईंना एकदा आकडा वाचायला बोलवा. बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत त्यांचीही बाटली गच्चीवर येते.

प्रश्न: मुलीच्या शाळेने पवनचक्कीचा प्रकल्प सांगितलाय. दुकानात तयार मिळतो. आणू का? (एक आई, मुलुंड)

उत्तर: नको. पुठ्ठा, टाचणी, जुनी रिफिल. फिरली नाही तरी बाईंना तशीच दाखवू दे, का फिरत नाही हे तिनेच सांगायचं.

प्रश्न: बाई, नातू पाचवीत, इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतो फर्डा, पण वाचायला बसवलं की अक्षर अक्षर जुळवत अडखळतो. गोष्टींची पुस्तकं आणून दिली, उघडत नाही. (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर: आजोबा, पुस्तकं कपाटात राहू द्यात, रुसू नका. तुमच्या घरापासून चौपाटी हाकेच्या अंतरावर आहे, तिचा उपयोग करा. पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची येते. तुम्ही चष्मा सापडत नसल्याचं सोंग करायचं आणि ती चार ओळींची चौकट त्याने मोठ्याने वाचायची. अडखळला तरी मधे तोंड घालू नका, आपण आजी-आजोबा ते फार करतो. मग भरतीच्या वेळी दोघं चौपाटीवर जा आणि पेपर खरं बोलतोय का ते बघा.

लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून आजची भरती उद्या पन्नासेक मिनिटं उशिरा येते. हे त्याला सांगू नका. चार-पाच दिवसांच्या वेळा कॅलेंडरच्या चौकोनांत लिहायला लावा, त्याचा तोच पकडेल. मग उद्याची वेळ आदल्या रात्री त्याने सांगायची आणि सकाळी पेपर आला की ताडून बघायची. पेपर तुमच्याआधी उचलला जाईल, चहाबरोबर शिळं पान वाचायची तयारी ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी फ्रिजवर लावा. त्या दिवशी वाळूत उतरायचं नाही, रस्त्याच्या कडेने बघायचं. आणि यादी वाचून दाखवायचं काम अर्थात त्याचंच.