चिंताविकाराला दिव्यांग प्रमाणपत्र मिळते का?

"साहेब, माझ्या मुलाचा आजार डोळ्यांना दिसत नाही, मग त्याला टक्के कोण देणार?" एका आईने विचारलेला हा प्रश्न अनेकांचा असतो. (तपशील ओळख पटणार नाही असे बदलले आहेत.) मुलगा तिशीतला, कापडदुकानात हिशेब लिहिणारा. पॅनिक अटॅकच्या धास्तीने आधी एसटीचा प्रवास सुटला, मग नोकरी, आणि पुढे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतही तो एकटा जाईना.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील मानसिक आजाराची व्याख्या निदानांची यादी देत नाही. विचार, मनःस्थिती, आकलन यांतील बिघाडामुळे निर्णयक्षमता, वर्तन किंवा रोजच्या गरजा भागवण्याची क्षमता गंभीरपणे खालावली आहे का, हे ती पाहते. म्हणून चिंताविकार आहे एवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही आणि तेवढ्याच कारणाने नाकारताही येत नाही. दिव्यांगत्वाची टक्केवारी 'आयडियाज' या भारतीय मापनश्रेणीने ठरते. तीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रे तपासली जातात. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात.

अडचण निराळीच होती. हा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून तपासणीला जायचा आणि डॉक्टरांनी विचारले की "बरं आहे आता" म्हणायचा. चारचौघांत रडगाणे गाऊ नये, हे आपल्याकडचे वळणच तसे. मी दोघांना रोजची नोंद वहीत लिहायला सांगितले, वाढवून नाही आणि झाकूनही नाही. एका पानावर आईचे अक्षर होते : "एसटीत बसला, पुढच्याच थांब्यावर उतरला. शर्ट घामाने चिंब. चालत घरी आला, जेवला नाही." ही वही आणि जुने उपचारांचे कागद पाहिल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी आईशीही सविस्तर बोलणे केले. (प्रमाणपत्र वैद्यकीय प्राधिकारीच देतात, माझ्यासारख्या समुपदेशकाच्या चिठ्ठीने ते मिळत नाही.)

त्याला ४० टक्क्यांहून अधिक, मात्र ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळाले. तेवढ्याने अनुदान सुरू होत नाही : संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो आणि दिव्यांगांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते. टक्केवारी मान्य नसेल, तर अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येते.

"बरा झालो तर हे बंद होईल का?" असे त्याने विचारले. फेरतपासणीत टक्के घटले, तर होऊ शकते, असे मी स्पष्ट सांगितले. गोळ्या आणि वही, दोन्ही त्याने चालू ठेवली आहेत.