गोगलगायीच्या विषाचं पेनकिलर आणि मावशींची नागीण

ताई, तुमच्या मावशींना नागीण होऊन गेली, पुरळ सुकलं तरी बरगडीवरची जळजळ जात नाहीये, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की समुद्रातल्या गोगलगायीच्या विषाचं औषध मॉर्फिनपेक्षा हजारपट जोरदार असतं, मग आपल्याकडे गोव्यात डॉक्टर ते का देत नाहीत, असं विचारलंय तुम्ही. शिवाय बाजारात कुणी नागाच्या विषाचं तेल देतोय त्याचं काय. तेलाचं आधी सांगते, घेऊ नका. विषातली प्रोटीनं कातडीतून आत दुखऱ्या नसांपर्यंत जातच नाहीत, आणि खरंच नागाचं विष असेल तर ते विनापरवाना विकणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

आता गोगलगाय. ही बातमी खोटी नाही हो, अर्धीच आहे. कोन शंख म्हणतात त्या जातीतला कोनस मॅगस नावाचा प्राणी मासे मारून खातो, स्वतः इतका हळू की विष तात्काळ चढलं नाही तर मासा निसटून जाणार, म्हणून त्याचं विष थेट नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, काम करतं. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि अमेरिकेत युटाहमधल्या त्यांच्या लॅबमधल्या पोरांनी त्या विषातला एकेक घटक वेगळा काढून तपासला, त्यातूनच झायकोनोटाइड हे औषध आलं, 25 अमिनो अ‍ॅसिडची छोटी साखळी, अमेरिकेत डिसेंबर 2004 मध्ये मान्यता. आता ते लॅबमध्येच बनवतात, शंख मारावे लागत नाहीत.

काम कसं करतं ते नीट समजून घ्या, कारण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. दुखरी नस मज्जारज्जूत येऊन पुढच्या नसेला निरोप देते, त्यासाठी तिच्या टोकावरचं कॅल्शियमचं दार उघडावं लागतं. झायकोनोटाइड ते दारच बंद करतं. मॉर्फिन वेगळ्या रस्त्याने जातं, त्यामुळे हजारपट हा आकडा नुसता वजनाच्या हिशोबाचा आहे, मावशींना हजारपट आराम पडेल असा त्याचा अर्थ नाही. मॉर्फिनची शरीराला सवय होऊन डोस वाढवत न्यावा लागतो तसं इथे होत नाही, ही मात्र खरीच मोठी गोष्ट.

पण गोळी म्हणून दिलं तर पोटात पचून जातं, आणि सुईने रक्तात दिलं तर मज्जारज्जूपर्यंत नीट पोचत नाही आणि वर बीपी पाडतं. म्हणून ऑपरेशन करून पंप बसवतात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात थेंबथेंब सोडतात, दिवसाला मायक्रोग्रॅममध्ये. डोस जरा वाढला की चक्कर, गोंधळ, भास. ज्यांचं दुखणं बाकी कशानेच थांबत नाही त्यांच्यासाठी ते आहे.

बाकी विषांवर जोरात काम चाललंय. ब्लॅक मांबाच्या विषातली मांबाल्जिन 2012 मध्ये फ्रेंच लोकांनी दाखवली, उंदरांचं दुखणं मॉर्फिनसारखं कमी झालं आणि श्वास मंदावला नाही. कोळ्यांच्या विषातून दुखऱ्या नसेवरचं सोडियमचं 1.7 नंबरचं दार बंद करायची धडपड आहे, कारण पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मतःच हे दार बिघडलेलं असतं आणि त्यांना दुखणं कळतच नाही, हे 2006 मध्ये सापडलं. अडचण ही की हृदयात आणि स्नायूंत अशीच भावंडं दारं असतात, ती चुकून बंद झाली तर जिवावर बेतेल. मला स्वतःला यातून काहीतरी हाती लागेल असं मनापासून वाटतं, पण मावशींना आज दुखतंय, त्यांनी त्याची वाट बघत बसू नये.

आणि मावशींना नसांच्या दुखण्यासाठी जी प्रीगॅबालिन ही गोळी चालू आहे ना, ती याच कॅल्शियमच्या दारांच्या एका जोडभागाला चिकटते आणि निरोप कमी करते. म्हणजे त्यांचा इलाज चालूच आहे, फक्त डोस पुरेसा आहे का ते बघायला हवं. ती किडनीतून बाहेर जाते, वयस्कर माणसाला क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारी रक्ततपासणी, बघूनच वाढवतात. ती एकटी पुरत नसेल तर रात्री कमी डोसात अ‍ॅमिट्रिप्टिलीन, कातडीवर बधिर करणाऱ्या लिडोकेनचा पॅच, असे पर्याय आहेत. पण अ‍ॅमिट्रिप्टिलीनने वयस्करांना गुंगी येते, तोल जातो, हृदयाचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, गेलात तर भूलतज्ज्ञांकडे दुखण्याचं विचारून बघा, तेच हे बघतात बहुधा.

प्रीगॅबालिन आपल्या मनाने एकदम थांबवू नका. मावशींचं वय, क्रिएटिनिन आणि सध्याचा डोस लिहा, मग त्यांच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगते.