मुंबई सोडून बेळगावात राहायला यायचं, तर मराठीवर भागेल का?

बाजारात नक्की भागेल. गणपत गल्लीत तुम्ही मराठीत भाव विचारलात की उत्तर मराठीतच येतं. अडतं ते सरकारी कामात. अर्ज, बिलं, जमिनीचे उतारे, बहुतेक कन्नडमध्ये. मी नवा होतो तेव्हा विजेचं बिल घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात उभा राहायचो. त्या पोळ्या लाटता लाटता वाचून दाखवायच्या आणि माझ्याकडून आकडे म्हणवून घ्यायच्या: ओंदु, एरडु, मूरु. तेवढ्या चार शब्दांनी माणसं किती मोकळी होतात, ते इथं आल्यावरच कळतं. तेव्हा कन्नड शिकाच, मनापासून शिका.

मुलांचं मात्र आधी बघा. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड हा विषय घ्यावा लागतो. मधल्या इयत्तेत येणार असाल तर सवलत मिळते का, हे प्रवेशाआधीच शाळेत विचारा.

महाराष्ट्राची गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवणार असाल तर नोंदणी बदलावी लागते, इथला रस्ता कर भरून. आरटीओचं ना हरकत पत्र निघतानाच घ्या.

घर टिळकवाडीकडे बघा, पण जुलैत येऊन बघा. भिंतीला ओल आहे का, ते तेव्हाच दिसतं.