पाणी भरायला ये

चिरंजीव बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा घरात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवतो.

तू म्हणालास, मंगळवारी मित्राचे वडील गेले, मी नुसता मेसेज टाकला, फोन करायचा धीर झाला नाही. काय बोलायचं तेच कळत नाही. आणि आता इतक्या उशिरा गेलो तर त्याला काय वाटेल? शेवटी म्हणालास, "त्याला 'काही लागलं तर सांग' एवढं लिहिलंय."

बाळा, ते वाक्य मनातून आलंय हे मला माहीत आहे. पण ज्याचा बाप तीन दिवसांपूर्वी गेला, त्याला आपल्याला काय लागतंय हेच कळत नसतं. कळलं तरी तो मागणार नाही. सांगण्याचं काम त्याच्यावर टाकू नकोस.

पस्तीस वर्षं झाली, इथं सोलापुरात आमच्या गल्लीत कुणी गेलं की तिरडी बांधायला मला हाक येते. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या काठ्या, त्या काथ्याच्या दोरीनं आवळायच्या, वर ज्वारीचा कडबा अंथरायचा, मग पांढरं कापड. गाठ सैल राहिली की वाटेत काठी सरकते आणि पुढं खांदा दिलेल्या मुलाला वाटतं, बाबांना लागलं. म्हणून मी प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघतो. तुझ्या मित्राच्या वडिलांचीही मीच बांधली. तो शेजारी उभा होता, हातात दोरीचं बंडल. मी हात पुढं केला की तो दोरी द्यायचा. पाऊण तासात आम्ही एक शब्द बोललो नाही. काल सावडायला गेलो तेव्हा मात्र तो आपणहून माझ्या जवळ येऊन उभा राहिला.

आपल्याकडच्या रीती नीट बघ. त्यात कुणी कुणाला विचारत नाही. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. "जेवणार का?" असं कुणी विचारत नाही. ताट पुढं येतं, एखादी म्हातारी पाठीवर हात ठेवते आणि पहिला घास तोंडात जातो. स्मशानातून आल्यावर पायावर पाणी, तोंडात कडुलिंबाचा पाला, आंघोळ. जिथं देह ठेवला होता तिथं दिवा. पुढचे दहा दिवस काय करायचं ते ठरलेलं असतं. सुतकातलं सगळंच मला पटतं असं नाही, पण ज्याचं डोकं चालत नाही त्याला एकेक दिवस हाताला धरून पुढं नेणारी ही व्यवस्था आहे, हे मी जवळून पाहिलंय.

माझंच सांगतो. तुझी काकू गेली तो एप्रिल होता. आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. घरात पाहुणे, येईल त्याची आंघोळ, पिंप दुसऱ्याच दिवशी तळाला गेलं. पाण्याची पाळी रात्री दोनची होती आणि मी विसरलो. सगळेच विसरले. पहाटे उठलो तर पिंप भरलेलं, हंडे भरलेले, अंगणातली बादली भरून वर ताट झाकलेलं. पलीकडच्या वाड्यात भाड्यानं राहणारा एक मुलगा, माझी त्याची धड ओळखही नव्हती, तो रात्री दोन वाजता येऊन आमचा पाइप लावून भरून गेला होता. त्यानं मला कधीच काही म्हटलं नाही. त्या दिवसांत दोनशे माणसं तरी भेटून गेली. कोण काय बोललं त्यातलं एक वाक्य आठवत नाही. ते झाकलेलं ताट आठवतं.

म्हणून तू ये. घरात शिरल्यावर चप्पल काढ, त्याच्या शेजारी बस. तो बोलला तर ऐक, नाही बोलला तर बसून राहा. त्याच्या वडिलांची तुझी एखादी आठवण असेल तर ती सांग. त्यांनी तुम्हा दोघांना सायकलवर डबलसीट नेल्याची गोष्ट तू मला सांगितली होतीस, ती त्याला सांग. लोक गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरतात. घरातल्यांना तर ते नाव ऐकायचं असतं. रडला तर रडू दे, पाणी आणायला लगेच उठू नकोस. उठताना मात्र "येतो" म्हणू नकोस, दुखवट्याच्या घरी म्हणत नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघ.

आणि एक वाक्य तुझ्या तोंडून चुकूनही येऊ देऊ नकोस. "आता तूच घरातला कर्ता, तू खंबीर राहायला हवंस." माझे वडील गेले तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. स्मशानातच पाच जणांनी मला हे सांगितलं, आणि मी ते ऐकलं. आईसमोर रडलो नाही, बहिणीसमोर रडलो नाही. दीड वर्षानंतर कारखान्यात माग बंद पडला म्हणून वडिलांचा जुना पाना हातात घेतला आणि तिथंच खाली बसलो. तेव्हा पोटात जे दुखलं ते मी तुझ्या मित्राला होऊ देणार नाही.

येत्या गुरुवारी दहावा आहे. पिंड ठेवल्यावर कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला नाही की माणसं कावरीबावरी होतात. कुणी म्हणतं बहिणीच्या लग्नाची इच्छा राहिली, कुणी म्हणतं घराचं. मग मुलानं हात जोडून मोठ्यानं म्हणायचं, "करतो बाबा, मी करतो." तुझा मित्र तेवीस वर्षांचा आहे. त्या घाईत तो काय काय कबूल करून बसेल आणि ते ओझं वर्षानुवर्षं वाहील. तू त्याच्या जवळ उभा राहा. आदल्या दिवशीच त्याला सांगून ठेव की कावळा नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, शास्त्रातच सोय आहे, बाबा तुझ्यावर रागावलेत असा त्याचा अर्थ नाही. गोडाच्या जेवणाचंही तसंच. भावकी म्हणेल पाचशे पानं उठली पाहिजेत. कर्ज काढून पंगत घालू नको, हे त्याला घरातलं कुणी सांगणार नाही. मी सांगणार आहे, तू दुजोरा दे.

त्याच्या आईचं थोडं नाजूक आहे. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला बायका पुढं होतात, आणि चांगल्या मनानंच होतात. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ही कल्पना मांडणारे प्रमोद झिंजाडे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे. त्या माउलीनं आयुष्यभर विड्या वळून पोरं शिकवली. तिच्या हातात काय राहावं हे तिनं ठरवायचं. तुझ्या मित्रानं आईला एकटीला गाठून विचारावं. तिला नको असेल तर दारात उभं राहून बायकांना सांगायचं काम मुलाचं. तिला करायचं असेल तर तिच्याशीही वाद घालायचा नाही.

आपल्या गावात सगळ्यांचं एकसारखं नसतं, हेही लक्षात ठेव. लिंगायतांकडे दहन नाही, समाधी देतात आणि माणूस लिंगैक्य झाला म्हणतात. मुसलमान शेजाऱ्याकडे तिसऱ्या दिवशी जियारत, पुढं चाळिसावा. पूर्व भागातल्या तेलुगू घरांचं आणखी वेगळं. कुठंही गेलास तरी घरातली थोरली माणसं करतील तसं करायचं, कोपऱ्यात उभं राहून बघायचं.

आता कागदपत्रं, कारण ते तुला चांगलं जमतं. तुझ्या मित्राला आत्ता फॉर्मवरची अक्षरंही दिसत नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि ती जिथं मृत्यू झाला तिथल्या कार्यालयात होते. त्यांचं मूळ गाव मोहोळ तालुक्यात असलं तरी दवाखाना सोलापुरातला, म्हणून दाखला महानगरपालिकेचा. दवाखान्यानं कळवलं का ते तू जाऊन बघ. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, मग चपला झिजतात. आधार कार्डावर नाव जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, फॉर्मवर आहे का ते वाच. तुझ्या काकूच्या वेळी मी न वाचता सही केली, नावातला एक काना गेला आणि तो परत आणायला चार महिने गेले. दाखल्याच्या दहा प्रती घे.

मग त्यांचं पासबुक भरून आण. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, वारसाला दोन लाख मिळतात. ही नोंद काय आहे हे माहीत नसल्यामुळं कित्येक घरं तो पैसा मागतच नाहीत. कारखान्यात पीएफ कापत होते का तेही मालकाला विचार, त्यालाही विमा जोडलेला असतो. वडिलांचं एटीएम कार्ड मात्र कुणी वापरायचं नाही, पिन माहीत असला तरी. बँकेला कळवायचं आणि वारसाचा अर्ज करायचा.

हे सगळं गुरुवारपर्यंत होणार नाही. तेराव्यानंतर पाहुणे जातील, तेव्हा फोन कर. पहिली दिवाळी ते करणार नाहीत, तेव्हा फराळाचा डबा घेऊन जा. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, तो दरवर्षी वडिलांबरोबर नंदीध्वज बघायला जायचा. या वर्षी जाणार नाही म्हणेल. आग्रह करू नकोस, पण त्या दिवशी सोलापुरात राहा.

उद्या शनिवार. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकड, रात्री माझ्याकडेच झोप. हार-फुलं काही आणू नकोस. त्यांच्या भागात रविवारी पहाटे पाणी येणार आहे, मी विचारून ठेवलंय. त्यांचा पाइप फाटलाय, माझा काढून दाराशी ठेवतो.

तुझा,
काका