'मस्ट हॅव' म्हणजे 'पाहिजे होतं' नव्हे

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मीटिंगची वेळ बदलली आणि ते त्यांना कुणी कळवलं नाही. त्यांनी वरिष्ठांना मेल केली, 'यू मस्ट हॅव टोल्ड मी.' मनातलं वाक्य होतं, 'तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं.' वरिष्ठ मराठी नाहीत. त्यांनी शांतपणे उत्तर पाठवलं, 'नो, आय डिडन्ट. मेबी समवन एल्स डिड.' ताई विचारतात, 'पाहिजे म्हणजे मस्ट हे शाळेपासून पाठ आहे, भूतकाळासाठी हॅव लावलं, मग तक्रार पोचली का नाही?'

तक्रार पोचली नाही, कारण तक्रार लिहिलीच गेली नाही. 'यू मस्ट हॅव टोल्ड मी' याचा अर्थ 'तुम्ही मला सांगितलं असणार'. वरिष्ठांना वाटलं, यांना नीट आठवत नाहीये, म्हणून अंदाज करताहेत. त्या अंदाजाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. ताईंना हवं होतं ते वाक्य 'यू शुड हॅव टोल्ड मी'.

वर्तमानकाळात 'पाहिजे म्हणजे मस्ट' हे समीकरण बऱ्यापैकी चालतं. 'तुम्ही मला सांगितलं पाहिजे', 'यू मस्ट टेल मी'. घोटाळा होतो तो काळ मागे नेताना, आणि त्याचं मूळ 'मस्ट'च्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत 'मोटान' असं एक क्रियापद होतं, अर्थ 'मुभा असणे'. त्याचं भूतकाळी रूप 'मोस्टे'. पुढे हे भूतकाळी रूपच वर्तमानासाठी वापरात आलं, अर्थ मुभेकडून सक्तीकडे सरकला आणि मूळचं वर्तमानकाळी रूप वापरातून गेलं. आजचा 'मस्ट' तो हाच. म्हणजे या शब्दाने आपला भूतकाळ वर्तमानात आधीच खर्च करून टाकला आहे. सक्तीबद्दल मागचं काही सांगायचं झालं तर इंग्रजीला 'हॅड टू'कडे जावं लागतं. मागच्या घटनेबद्दल 'मस्ट हॅव' वापरला की तो तर्कच होतो.

इथे कुणी नोकरीच्या जाहिराती दाखवेल. 'कँडिडेट मस्ट हॅव पास्ड' अशी वाक्यं तिथे असतात आणि त्यात तर्क नसतो, अट असते. खरं आहे. पण ती अट आजची आहे. 'उमेदवार उत्तीर्ण झालेला असला पाहिजे.' काल काय व्हायला हवं होतं आणि झालं नाही, याची हळहळ त्यात नाही.

आता मराठीकडे या. माझं म्हणणं असं की याचा नवा नियम पाठ करायची गरज नाही, कारण नियम आपल्या कानात आधीपासून आहे. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणा: 'त्याला सांगायला पाहिजे होतं.' 'त्याला सांगावं लागलं.' 'त्याला सांगितलं असणार.' प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवा, सांगितलं का? पहिल्यात नाही सांगितलं. दुसऱ्यात सांगितलं, मनात नसताना सांगितलं. तिसऱ्यात बोलणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सगळ्या खुणा 'हो'कडे बोट दाखवतात. पहिलं 'शुड हॅव', दुसरं 'हॅड टू', तिसरं 'मस्ट हॅव'. मराठी बोलणारं सहा वर्षांचं मूलही या तिन्हींत गल्लत करत नाही. गल्लत होते ती आपण वाक्य सोडून 'पाहिजे' हा सुटा शब्द उचलतो आणि त्याच्या जागी इंग्रजी शब्द बसवतो तेव्हा. म्हणून इंग्रजी लिहायच्या आधी मराठी वाक्य पूर्ण करा, अगदी 'होतं', 'लागलं', 'असणार'पर्यंत, आणि मग घडलं की नाही ते स्वतःला विचारा.

'पाहिजे' या शब्दाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे. जुन्या मराठीत करिजे, बोलिजे, म्हणिजे अशी रूपं होती, म्हणजे केलं जातं, बोललं जातं, म्हटलं जातं. (हे वाक्य लिहिताना वापरलेला 'म्हणजे' हा त्याच 'म्हणिजे'चा आजचा अवतार.) तसं पाहिजे म्हणजे पाहिलं जातं, शोधलं जातं. 'मला पाणी पाहिजे' यात सक्ती नाही, कुणाची तरी पाण्याकडे लागलेली नजर आहे. सक्तीचा शब्द मराठीत वेगळा आहे, 'लागणे'. 'मला गेलं पाहिजे' म्हणताना माझं मन मला सांगत असतं, 'मला जावं लागतंय' म्हणताना बाहेरचं कुणी किंवा काही तरी ढकलत असतं. इंग्रजीत 'मस्ट' आणि 'हॅव टू' यांच्यात साधारण हाच फरक सांगतात. बोलताना तिथेही तो बऱ्याचदा पुसला जातो आणि 'हॅव टू'च जास्त ऐकू येतो. पण ज्याला 'पाहिजे' आणि 'लागतं' यांतला फरक जाणवतो, त्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

नकार आला की मात्र जपून. आमच्या सोसायटीच्या फलकावर एकदा सभेची नोटीस लागली होती. मराठीत होतं, 'सर्व सभासदांनी स्वतः यायलाच पाहिजे असं नाही, प्रतिनिधी चालेल.' खाली इंग्रजीत, 'ऑल मेंबर्स मस्ट नॉट कम.' दुसऱ्या मजल्यावरच्या तमिळ काकू नोटिशीसमोर थांबून मला विचारू लागल्या, 'आम्ही का यायचं नाही?' त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे त्यांनी इंग्रजी वाक्य जसं होतं तसं वाचलं, आणि त्यांचं वाचन बरोबर होतं. 'मस्ट नॉट कम' यातला 'नॉट' 'मस्ट'ला लागत नाही, पुढच्या 'कम'ला लागतो. न येणं बंधनकारक, असा त्याचा अर्थ. मराठीतल्या 'यायलाच पाहिजे असं नाही' या वाक्यात नकार 'पाहिजे'ला आहे, बंधनच उठवलं आहे. मी पेनाने 'मस्ट' खोडून वर 'नीड' लिहिलं. 'नीड नॉट कम' किंवा 'डोन्ट हॅव टू कम', दोन्ही चालतील. मराठीत ओळखायची खूण सोपी आहे. वाक्य 'येऊ नये'ने संपत असेल तर 'मस्ट नॉट', 'नाही आलं तरी चालेल' असं म्हणता येत असेल तर 'नीड नॉट'.

तर्काच्या 'मस्ट'ला नकार देताना ब्रिटिश वळण आणखी निराळं आहे. 'तिने त्याला सांगितलं नसणार' याला 'शी कान्ट हॅव टोल्ड हिम'. अमेरिकेत 'मस्ट नॉट हॅव'ही चालतं.

तर्काच्या बाबतीत मराठीकडे ऐवज मोठा आहे. आजी दुपारी दोनच्या एसटीने स्वारगेटहून साताऱ्याला निघाली असं समजा. तीन तासांचा रस्ता. साडेचारला कुणी विचारलं तर मी म्हणेन, 'पोचली असू शकेल', रस्ता मोकळा मिळाला असला तर. हा 'मे हॅव' किंवा 'माइट हॅव'. पाचला 'पोचली असेल', म्हणजे 'शी विल हॅव रीच्ड' किंवा नुसतं 'प्रॉबब्ली'. सव्वापाचला मामाचा फोन एंगेज लागतोय, म्हणजे तो तिला घ्यायला स्टँडवर गेलाय आणि तिच्या सामानाबद्दल कुणाशी तरी बोलतोय. आता 'पोचली असावी', किंवा छातीठोकपणे 'पोचली असणार'. हा खणखणीत 'मस्ट हॅव'. आणि सात वाजले, फोन कुणीच उचलत नाही, तेव्हा तोंडून येतं, 'एव्हाना पोचायला हवी होती.' इथे तर्क आहे, हिशेब आहे, आणि पोटात गोळाही आहे. इंग्रजीत 'शी शुड हॅव रीच्ड बाय नाऊ'. ताईंच्या तक्रारीतला 'शुड हॅव' आणि आजीच्या काळजीतला 'शुड हॅव' एकच शब्द का वापरतात, ते इथे दिसतं. दोन्हीकडे व्हायला हवं ते झालेलं दिसत नाही. आणि मराठीतही दोन्हीकडे 'हवं होतं' किंवा 'पाहिजे होतं'च येतं. दोन भाषांचे रस्ते इतके जवळून जातात तेव्हा मला फार आनंद होतो.

जाता जाता 'यू मस्ट बी नोइंग'. हे आपल्या 'तुम्हाला माहीत असेलच'मधून येतं. 'यू मस्ट नो' म्हटलं तर 'तुम्हाला ठाऊक असायलाच पाहिजे' असं ऐकू जाईल या भीतीने लोक 'बी नोइंग'कडे वळत असावेत, असा माझा अंदाज. भीती अनाठायी आहे. 'नो'सारख्या क्रियापदाला इंग्रजी 'इंग' सहसा लावत नाही, आणि 'यू मस्ट नो हर' हे वाक्य संदर्भात तर्काचंच वाटतं. तरी शंका असेल तर 'यू प्रॉबब्ली नो' लिहावं.

'घडलं का' ही कसोटी 'शकणे'लाही लावून पाहा, कारण तिथेही हीच ठेच लागते. 'गेल्या वर्षी मी ती परीक्षा पास होऊ शकलो' याचं 'आय कुड पास दॅट एक्झॅम' केलं की इंग्रजी वाचकाला वाटतं, 'पास होऊ शकेन'. एकदाच घडलेल्या गोष्टीला 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागतं, किंवा नुसतं 'आय पास्ड'. पण 'लहानपणी मला आंब्यावर सरसर चढता यायचं' याला 'कुड' अगदी चपखल. वाक्यात 'यायचं' आलं तर 'कुड', 'शकलो' आलं तर 'वॉज एबल टू'. नकारात दोन्हीकडे 'कुडन्ट' चालतो, तिथे त्रास नाही.

इथे 'येणे' आलं हे मला महत्त्वाचं वाटतं. 'कॅन'चा जुना अर्थ 'जाणणे'. तो शब्द आणि संस्कृत 'ज्ञा', आपलं 'जाणणे', हे एकाच मुळातून आलेले आहेत. शिकून अंगात मुरलेल्या गोष्टीला मराठीत 'येणे' आहे, 'मला पोहता येतं'. विहिरीला पाणी आहे, वेळ आहे, तर 'मी आज पोहू शकतो'. आणि गुडघे दुखतात तेव्हा 'माझ्याने जिना चढवत नाही', ज्याला आपल्या व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. इंग्रजी या तिन्हींना 'कॅन' किंवा 'कान्ट' लावून मोकळी होते. अलीकडे 'मी पोहू शकतो', 'मी तबला वाजवू शकतो' असं सरसकट ऐकू येतं, ते ऐकून मला वाईट वाटतं. तबला वाजवता येतो, पोळ्या लाटता येतात.

आता ताईंच्या मेलकडे परत. 'यू शुड हॅव टोल्ड मी' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण वरिष्ठांना लिहायला कडक आहे. त्यात समोरच्याची चूक काढलेली आहे, आणि मराठीतही 'तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं' असं साहेबांना तोंडावर म्हणताना आपण जरा थांबतोच. 'यू कुड हॅव टोल्ड मी' तर आणखी टोचेल. ते 'सांगता आलं असतं की!' या चालीवर ऐकू जातं, जवळच्या माणसावर रुसण्यासाठी ठीक आहे. अशा वेळी मराठी माणूस काय म्हणतो? 'आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.' हा आपला संकेतार्थ, म्हणजे 'असं झालं असतं तर'ची भाषा. कुणी सांगितलं नाही ते नाव न घेता सांगून टाकतो. इंग्रजीत तो जवळजवळ शब्दाला शब्द उतरतो: 'इट वुड हॅव हेल्प्ड इफ आय हॅड नोन अर्लिअर.' ताई, पुढच्या मेलला हे वाक्य घ्या, आणि खाली एवढंच जोडा की यापुढे वेळ बदलली तर मला कळवाल का, 'कुड यू प्लीज लेट मी नो'. हा 'कुड' भूतकाळाचा नाही, अदबीचा आहे.