ट्रक मोजावेत की वजन?

प्रश्न : आमच्या वस्तीला लागून असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर ट्रकांची वर्दळ सारखी वाढते आहे. मोठ्या ट्रकांना बंदी करून तोच माल लहान ट्रकांतून आणावा, असा अर्ज आम्ही देणार आहोत. ही मागणी योग्य आहे का?

उत्तर : आपला त्रास खरा आहे, पण हा उपाय उलटण्याचीच शक्यता अधिक. एका मोठ्या ट्रकचा माल तीन लहान ट्रकांत भरला, की चौकातली गर्दी वाढते आणि रस्ताही वाचेलच असे नाही; कारण रस्त्याचे नुकसान ट्रकच्या लांबीरुंदीवर नव्हे, तर एकेका आसावर (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावर) किती भार पडतो यावर ठरते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून चाचणी घेण्यात आली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की नुकसान आसभाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट होते. २० टक्के जादा भारानेही ते दुपटीवर जाते. सिग्नलपाशी, जिथे भरलेले ट्रक ब्रेक लावून उभे राहतात, तिथे डांबर दबून चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात, पावसात त्यांत पाणी साचते आणि दुचाकी घसरतात.

म्हणून अर्जात पहिली मागणी वजनकाट्याची असावी, आणि तीही माल भरला जातो त्या गोदामाच्या किंवा खाणीच्या फाटकावर. जादा माल तिथेच उतरवून घ्यावा. नुसता दंड, माझ्या मते, भाड्यात मिसळून जातो.

दिवसाच्या प्रवेशबंदीचे तसेच आहे. बंदी उठण्याआधी ट्रक रस्त्याच्या कडेला रांग लावतात आणि वेळ होताच सगळे एकदम आत घुसतात. थांबण्यासाठी तळ आणि माल उतरवण्यासाठी गोदामाने दिलेली ठरावीक वेळ, या दोन गोष्टी नसतील तर बंदीने गर्दी फक्त सरकते. रस्ता रुंद केल्यानेही काही काळच सैल वाटते.

फेऱ्याच कमी करण्याचा मार्गही आहे. स्वित्झर्लंडने २००१ पासून अंतर, अनुज्ञेय वजन आणि धूर यांनुसार ट्रकांवर शुल्क बसवले. रिकाम्या फेरीलाही ते लागत असल्याने परतीचा माल शोधणे वाहतूकदाराच्या हिताचे ठरते. त्याच वेळी तिथे वजनाची कमाल मर्यादा २८ वरून ३४ टन, आणि पुढे ४० टन, अशी वाढवण्यात आली; म्हणजे तोच माल कमी फेऱ्यांत नेता येतो.

सरसकट बंदी मला दोनच ठिकाणी पटते : पूल कमकुवत असेल तिथे, आणि वळताना ट्रकची मागची चाके पदपथावर चढावीत इतकी गल्ली अरुंद असेल तिथे. आपल्या रस्त्यावर यांपैकी काही असल्यास अर्जात तेवढ्या भागाचाच स्पष्ट उल्लेख करावा.