कॅनडात झाडांना रिकामे लाल ड्रेस का टांगतात? आणि अशा कलेने काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा विनिपेगला शिकायला आलाय, मे महिन्यात त्याने नदीकाठच्या झाडांना लटकवलेल्या लाल ड्रेसचा फोटो पाठवला आणि तो बघून सासूबाई म्हणाल्या, 'तिकडेही उतारे टाकतात वाटतं!' त्यांना हसू नका. मीही पहिल्यांदा तेच समजले होते.

मी मूळची सांगलीची. २०११ साली इथे आले, कपड्यांच्या ऑल्टरेशनचं छोटं दुकान चालवते. पहिल्याच वसंतात बसमधून जाताना एका निष्पर्ण झाडावर लाल फ्रॉक दिसला. पानं नाहीत, माणूस नाही, नुसता फ्रॉक वाऱ्यावर गोल फिरतोय. गावाकडे झाडाला खिळ्याने ठोकलेली काळी बाहुली बघून जसं चर्र होतं, तसंच झालं. शेजारच्या सीटवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'आमच्या हरवलेल्या मुलींसाठी आहे.' आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. पुढे काय विचारावं ते मला सुचलं नाही.

तर उत्तर हे आहे. कॅनडातल्या आदिवासी बायका आणि मुली, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेती या तिन्ही समाजांतल्या, ज्या बेपत्ता झाल्या किंवा ज्यांचे खून झाले, त्यांच्यासाठी हे ड्रेस आहेत. ५ मे हा दिवस आता 'रेड ड्रेस डे' म्हणून पाळतात, म्हणून तुमच्या मुलाला ते मे महिन्यात दिसले. ही कल्पना विनिपेगच्याच जेमी ब्लॅक या मेती कलाकाराची. २०१० च्या सुमारास तिने लोकांकडून जुने लाल ड्रेस मागून घेतले आणि मोकळ्या जागी टांगायला सुरुवात केली. नावातच श्लेष आहे: इंग्रजीत ते 'रेड ड्रेस' असंही वाचता येतं आणि 'रिड्रेस' असंही. रिड्रेस म्हणजे गाऱ्हाण्याची दाद लागणं. लाल का, तर एका आदिवासी मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की आत्म्यांना फक्त लाल रंग दिसतो. म्हणजे हे ड्रेस बघणाऱ्यांसाठी आहेत तसेच गेलेल्यांना परत बोलावण्यासाठीही आहेत. आपल्याकडे लाल म्हणजे कुंकू, शालू, लग्न. त्यामुळे आपल्याला तो रंग आधी शुभ वाटतो आणि मग रिकामा ड्रेस बघून आतून काहीतरी तुटतं. निदान माझं तरी तसं झालं.

इथल्या मानवी हक्कांच्या संग्रहालयातही हे ड्रेस कायमचे लावले आहेत. तुमच्या मुलाला जाऊन बघायला सांगा. पण मला विचाराल तर ते बाहेर, वाऱ्यात असतात तेव्हाच बोलतात. मी दिवसभर ड्रेसच हाताळते, तरी असे ड्रेस कुठे बघितले नव्हते. दुकानात हँगरवरचा ड्रेस म्हणजे कुणाच्या तरी अंगात जायची वाट बघणारं कापड. झाडावरच्याला वाट बघायला कुणी नाही. कुणाचा खांदा उतरता आहे म्हणून एका बाजूला पॅड घातलेलं, कुणाची कंबर दोनदा सैल केलेली. सुईच्या जुन्या भोकांची ओळ लाल कापडावर लगेच दिसते. मापं बघितली की समजतं, एखादा ड्रेस बारा-तेरा वर्षांच्या मुलीचाही असतो.

आता यामागचं थोडं सांगते, नाहीतर फोटो नुसता 'आर्टिस्टिक' वाटेल. २०१४ मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी, म्हणजे आरसीएमपीने, स्वतःच मोजदाद जाहीर केली: १९८० ते २०१२ या काळात १,०१७ आदिवासी बायका-मुलींचे खून आणि १६४ बेपत्ता. देशातल्या बायकांत आदिवासी बायका ४.३ टक्के, आणि खून झालेल्या बायकांत मात्र १६ टक्के. हे नोंद झालेले. संघटनांचं आणि घरच्यांचं म्हणणं असं की नोंदच न झालेल्या कितीतरी आहेत, कारण पोलीस 'पळून गेली असेल, येईल' म्हणून परत पाठवत. हे वाक्य आपल्याला काही अनोळखी नाही.

कारणं एका दिवसाची नाहीत. मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडायचं, ही पद्धत शंभराहून जास्त वर्षं चालली. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. १९८५ पर्यंतचा कायदा तर असा होता की आदिवासी बाईने समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा 'दर्जा', म्हणजे आदिवासी म्हणून असलेली सरकारी ओळख जायची, आणि त्याबरोबर राखीव वस्तीतला हक्कही. पुरुषाने तसंच लग्न केलं तर त्याचं काही जात नव्हतं. घर तुटलेली, गाव तुटलेली बाई शहरात येते तेव्हा तिच्या मागे कोण असतं? ब्रिटिश कोलंबियात हायवे १६ चा सातशेहून जास्त किलोमीटरचा पट्टा आहे, त्याला 'अश्रूंचा हमरस्ता' म्हणतात. बसची धड सोय नाही, म्हणून मुली हात दाखवून गाड्या थांबवायच्या. त्यातल्या कित्येक घरी पोचल्याच नाहीत.

सगळेच कलाकार हळुवारपणे बोलतात असं नाही. रिबेका बेलमोर ही अनिशिनाबे या आदिवासी समाजातली कलाकार. व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड या गरीब वस्तीतून वर्षानुवर्षं बायका नाहीशा होत होत्या आणि कोणी विचारत नव्हतं. २००२ साली त्यांच्या खुनांच्या आरोपाखाली एका डुक्कर पाळणाऱ्याला अटक झाली आणि मग सगळ्यांना जाग आली. त्याच वर्षी बेलमोरने त्या वस्तीतल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक प्रयोग केला. मी त्याचं चित्रण बघितलंय. ती आधी बादली आणि ब्रश घेऊन गुडघ्यावर बसून फुटपाथ घासते. आपल्याकडे अंगण सारवतात तितक्या मन लावून. मेणबत्त्या लावते. हातांवर काळ्या शाईने नावं लिहिलेली आहेत, त्यातलं एकेक नाव ती जिवाच्या आकांताने ओरडते, आणि प्रत्येक नावानंतर काट्यांसकट गुलाब दातांत धरून ओढते, पाकळ्या-पानं ओरबाडून निघतात. मग लाल ड्रेस घालते, तो ड्रेस हातोडीने खांबाला खिळवते आणि स्वतःला ओढून सोडवते. पुन्हा खिळवते, पुन्हा ओढते. शेवटी ड्रेसच्या चिंध्या खांबावर राहतात.

मी कापड फाटण्याचा आवाज रोज ऐकते. तो ऐकून व्हिडिओ बंद करावासा वाटेल असं मला वाटलं नव्हतं. हे जेमी ब्लॅकच्या ड्रेसच्या कितीतरी आधीचं काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कठोर. घरात फ्रेम करून लावता येणार नाही असं.

याच्या अगदी उलट स्वभावाचं काम मी प्रत्यक्ष पाहिलं, २०१४ मध्ये, ते विनिपेगला आलं तेव्हा. त्याचं नाव मराठीत 'आमच्या बहिणींसोबत चालताना' असं होईल. क्रिस्टी बेलकोर्ट या मेती चित्रकर्तीने २०१२ मध्ये फेसबुकवर आवाहन केलं: मोकॅसिनचे वरचे भाग तयार करून पाठवा. मोकॅसिन म्हणजे कातड्याची मऊ पायताणं. वरचा भाग म्हणजे काय, तर कोल्हापुरीचा पट्टा नक्षीसकट तयार आहे पण तळच शिवलेला नाही, असं समजा. त्या बायकांचं आयुष्य अर्धंच राहिलं, म्हणून पायताणही अर्धंच. सहाशे जोड येतील अशी अपेक्षा होती. सतराशेहून जास्त आले. त्यात निवासी शाळांतून परत न आलेल्या मुलांसाठी केलेले इवलेसे जोड वेगळे.

आत जाताना चपला-बूट काढायचे. आपल्याला त्यात नवं काही नाही, पण माझ्यापुढच्या उंच गोऱ्या गृहस्थांना मोजे फाटके असल्याचं तेव्हाच लक्षात आलं आणि ते बिचारे ओशाळले. डाव्या मुठीत चिमूटभर तंबाखू देतात. तंबाखू इथे पवित्र मानतात, ती प्रार्थनेसारखी हातात धरायची आणि शेवटी ठेवून द्यायची. जमिनीवर कापड अंथरलेलं आणि त्याच्या कडेने ओळीत ते जोड. भिंतीवर काही नाही. त्यामुळे मान खाली घालूनच चालावं लागतं. मोहरीएवढे मणी, एकेक सुईने टाचलेले. जंगली गुलाब, स्ट्रॉबेरीची फुलं, पक्षी, कुणीतरी थेट चेहराच काढलेला. काही कसबी हातांचे, आणि काही अगदी शिकाऊ, मणी वाकडेतिकडे, टाका ओढला गेलेला. मला तेच जास्त लागले. आयुष्यात पहिल्यांदा सुई धरून कुणीतरी बहिणीसाठी किंवा आईसाठी बसलं असेल. माझ्या हिशेबाने एका जोडाला, सवयीचा हात असला तरी, चाळीस-पन्नास तास सहज. त्याला सतराशेने गुणून बघा. मी चालता चालता गुणायला लागले आणि मग सोडून दिलं. फोटो काढायला बंदी होती, ते फार बरं होतं.

बाकीचं थोडक्यात सांगते. कनुपा हान्स्का लूगर या कलाकाराने २०१८ मध्ये लोकांकडून मातीचे चार हजारांहून जास्त मणी करून घेतले आणि ते ओवून एका बाईचा भलामोठा चेहरा उभा केला. एक मणी म्हणजे एक माणूस. याच बायकांची आठवण म्हणून तोंडावर उमटवलेला लाल पंजा तुम्ही कदाचित बघितला असेल. २०१९ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये लकोटा समाजाची एक धावपटू तसा पंजा रंगवून धावली. सव्वीस मैल, दर मैलाला एक नाव.

आता तुमचा खरा प्रश्न, फरक पडतो का. मला वाटतं, ड्रेसमुळे गुन्हेगार घाबरत नाही. पोलीसही ड्रेस बघून तपास करत नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या रेड नदीत रजईच्या खोळीत गुंडाळलेला एका पंधरा वर्षांच्या आदिवासी मुलीचा मृतदेह सापडला, तेव्हा इथे ड्रेस टांगायला सुरुवात होऊन चार वर्षं झाली होती. ज्याच्यावर खटला चालला तो २०१८ मध्ये निर्दोष सुटला. त्या घटनेनंतर लोक स्वतः होड्या घेऊन, गळ टाकून नदीचा तळ शोधायला लागले. तशी पाळी लोकांवर यावी, यातच सगळं आलं. राष्ट्रीय चौकशी आयोग २०१६ मध्ये नेमला गेला, जून २०१९ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात न्यायासाठी २३१ मागण्या आहेत आणि जे झालं त्याला 'वंशसंहार' असा स्पष्ट शब्द वापरलाय. हा आयोग घरच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवला. व्हँकुव्हरचा १४ फेब्रुवारीचा मोर्चा तर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून निघतोय.

पण मोर्चा संध्याकाळी संपतो. ड्रेस तिथेच राहतो. शाळेत जाणारं पोर आईला विचारतं की तो फ्रॉक झाडावर का आहे, आणि आईला काहीतरी सांगावं लागतं. मला बसमध्ये सांगावं लागलं नाही, विचारावं लागलं. एवढाच फरक मी स्वतः बघितलाय, आणि तो मला छोटा वाटत नाही. विनिपेगजवळच्या कचरा डेपोत खून झालेल्या दोन बायकांचे मृतदेह आहेत असं पोलिसांनीच सांगितलं होतं, तरी शोध परवडणार नाही, धोक्याचा आहे, म्हणून २०२३ मध्ये तेव्हाच्या प्रांतिक सरकारने नकार दिला. घरचे लोक तंबू ठोकून बसले. सरकार बदललं, शोध सुरू झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला दोघींचेही अवशेष सापडले. त्या सबंध काळात मतदारांपैकी कुणालाही 'या बायका कोण' असं विचारावं लागलं नाही. ते काम आधीच झालेलं होतं, आणि त्यात ड्रेसचा वाटा आहे असं मी मानते.

एक गोष्ट खटकते तीही सांगते. लाल ड्रेस कुणालाही टांगता येतो, त्यामुळे तो पसरला, आणि त्याच कारणाने तो स्वस्तही होऊ लागलाय. ५ मे ला ऑफिसात लाल पिन लावायची, फोटो काढायचा, ६ मे ला सगळं जैसे थे. पंजा रंगवून सेल्फी काढणारेही आहेत. मुलाला सांगा, फोटो काढायला हरकत नाही, पण ड्रेसखाली उभं राहून नको. आणि खाली पडलेला ड्रेस दिसला तर उचलून कचऱ्यात टाकू नकोस, शेजारच्या फांदीवर परत अडकव.

माझ्या दुकानात काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एक बाई लाल ड्रेस घेऊन आल्या. खांद्याला आतून जाड लूप लावून हवे होते, कारण प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या सपाट गवताळ माळांच्या वाऱ्यात साधे लूप तुटतात आणि ड्रेस उडून जातो. मी सवयीने विचारलं, 'कुणाच्या मापाचा करायचाय?' त्या म्हणाल्या, 'भाचीचाच आहे. मापाचं काही करायचं नाही.' त्यानंतर त्या दर एप्रिलला येतात. ड्रेसचा रंग उतरून आता विटेसारखा झालाय, शिवण दोन ठिकाणी विरलीय. यंदा मी म्हटलं, दुसरा घ्या, हा फार दिवस टिकणार नाही. नको म्हणाल्या. मग विरलेल्या जागी आतून अस्तर लावलं आणि लूप बदलून दिले.